पश्चिमेच्या भिंतीला फायबर सिमेंटची साइडिंग : नागपूरच्या उन्हापावसातले परीक्षण

घराच्या बाहेरच्या भिंतीवर फायबर सिमेंटच्या फळ्या एकीवर एक चढवून बसवण्याची पद्धत नागपुरात अजून फारशी रुळलेली नाही. वर्धा रोडकडच्या काही नव्या बंगल्यांच्या एलिव्हेशनमध्ये ती दिसते, परंतु बहुतेक ठिकाणी तिचा उपयोग केवळ शोभेसाठी केलेला असतो आणि फळ्या थेट प्लास्टरवर ठोकलेल्या असतात. आम्ही मानेवाडा भागातील आमच्या दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर, पश्चिमेच्या भिंतीला, ही साइडिंग मागे हवेची पोकळी ठेवून बसवून घेतली. उन्हाळा आणि पावसाळा असे दोन्ही ऋतू तिच्यावरून गेल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे. वस्तू चांगली आहे, असे माझे मत आहे. मात्र तिचा गुण बोर्डाइतकाच, किंबहुना थोडा अधिकच, तिच्या मागच्या मोकळ्या जागेवर आणि ती बसवणाऱ्या हातांवर अवलंबून आहे, हे आधीच स्पष्ट करतो.

पश्चिमेचीच भिंत का निवडली, याचे कारण नागपूरच्या आकाशात आहे. शहर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे ऐन नवतप्यात, मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. त्या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीला ऊन जवळपास लागतच नाही. ते दुपारपर्यंत गच्ची भाजते आणि नंतर तिरपे होऊन पश्चिमेच्या भिंतीवर सूर्यास्तापर्यंत पडत राहते. ज्या शहरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली, तेथे विटेची नऊ इंची भिंत दुपारी शोषलेली उष्णता रात्री उशिरापर्यंत खोलीत सोडत बसते, आणि कूलर चालू असूनही त्या भिंतीला लागून असलेल्या पलंगावर झोप लागत नाही. म्हणूनच पहिला खर्च गच्चीवर करावा, मग पश्चिमेच्या भिंतीवर, असा क्रम मी प्रत्येकाला सुचवीन. स्लॅबवर चिनी मातीच्या पांढऱ्या तुकड्यांची फरशी किंवा ऊन परतवणारा पांढरा लेप नसेल, तर भिंतीवरच्या साइडिंगने फारसे काही साधणार नाही. चारही भिंतींना ती लावण्याची शिफारस मी करणार नाही.

निवड करताना अन्य पर्यायही पाहिले. पीव्हीसीच्या पट्ट्या स्वस्त आणि हलक्या असतात, पण उष्णतेने त्या फायबर सिमेंटच्या कितीतरी पट अधिक प्रसरण पावतात आणि आपल्या उन्हात मऊ पडून वाकतात. डब्ल्यूपीसी, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांच्या मिश्रणाची फळी, दिसायला सुरेख आहे, तथापि त्यात प्लास्टिक असल्याने उन्हाचा आणि आगीचा प्रश्न तेथेही उरतोच. ॲल्युमिनियमच्या कंपोझिट पॅनेलबाबत तर २०१७ साली लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला लागलेल्या आगीनंतर अधिक काही सांगण्याची गरज नसावी. पॉलिथिलीनचा गाभा असलेल्या तशा पॅनेलमुळे ती आग इमारतभर पसरली आणि ७२ माणसे मृत्युमुखी पडली. फायबर सिमेंट जळत नाही, त्याला वाळवी लागत नाही, आणि पाण्याने ते कुजत नाही. या तीन गोष्टींवर आमचा निर्णय झाला.

हा पदार्थ नेमका काय आहे, याबद्दल शेजारीपाजारी बराच गैरसमज आढळला. ‘म्हणजे ॲस्बेस्टॉसचाच पत्रा ना?’ असे अनेकांनी विचारले, आणि ती शंका निराधार नाही, कारण दोहोंचे मूळ एकच आहे. ऑस्ट्रियातील लुडविग हाटशेक यांनी १९०१ मध्ये सिमेंट आणि ॲस्बेस्टॉसच्या तंतूंपासून पातळ पत्रे बनवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले, आणि आजही या वस्तू मुख्यत्वे त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीने बनतात. ओला लगदा जाळीच्या फिरत्या नळकांड्यावर पातळ थराने उचलला जातो आणि असे अनेक थर एकावर एक गुंडाळून हवी ती जाडी मिळवली जाते. पुढे ॲस्बेस्टॉसचे आरोग्यावरील घातक परिणाम उघड झाले, तेव्हा १९८० च्या दशकात त्याच्या जागी लाकडाच्या लगद्यातील सेल्युलोजचे तंतू वापरण्यास सुरुवात झाली. आजच्या बोर्डात सिमेंट, सिलिकायुक्त वाळू किंवा औष्णिक वीज केंद्रातील राख आणि सेल्युलोज हे मुख्य घटक असतात. कोराडी आणि खापरखेड्याच्या परिसरात वाढलेल्या वाचकाला ही राख वेगळी समजावून सांगायला नको. आपल्याकडे छपराचे ॲस्बेस्टॉसचे पत्रे अजूनही विकले जात असल्यामुळे दुकानात ‘ॲस्बेस्टॉसविरहित’ असा लेखी उल्लेख मागणे मात्र योग्यच ठरेल.

बोर्डाचा दर्जा ओळखण्यासाठी आम्हाला सर्वांत उपयोगी पडले ते भारतीय मानक आयएस १४८६२. त्यात सपाट फायबर सिमेंट बोर्डाचे दोन प्रकार केलेले आहेत : ऊन-पाऊस थेट झेलणाऱ्या जागेसाठी टाइप ए आणि आतल्या वापरासाठी टाइप बी. लकडगंजच्या बाजारात आम्ही ज्या दुकानांत चौकशी केली, तेथील काही विक्रेत्यांना हा भेद माहीत नव्हता, आणि एका दुकानात तर फॉल्स सीलिंगसाठीचा कॅल्शियम सिलिकेट बोर्ड ‘हाच बाहेर चालतो’ असे सांगून दाखवण्यात आला. तो बाहेर चालत नाही. बोर्डाच्या मागच्या बाजूवर किंवा पॅकिंगवर मानकाचा क्रमांक, प्रकार आणि जाडी छापलेली असते. ते स्वतः वाचून मगच पैसे द्यावेत आणि बिलावरही तोच तपशील लिहून घ्यावा. दुकानदाराकडे उत्पादकाची तांत्रिक पुस्तिका नसेल, तर ती कंपनीकडून मागवून घेईपर्यंत थांबावे, कारण फळीची जाडी, तिच्यामागच्या चौकटीच्या पट्ट्यांमधील अंतर आणि स्क्रूची जागा हे सारे त्या पुस्तिकेनुसारच ठरते. आम्ही शेवटी ज्या दुकानातून माल घेतला, तेथील मालकांनी ही पुस्तिका आपण होऊन काढून दिली, शिवाय फळ्या गोदामात आडव्या, लाकडी ठोकळ्यांवर आणि छताखाली ठेवलेल्या प्रत्यक्ष दाखवल्या. माझ्या दृष्टीने सवलतीपेक्षा ही बाब अधिक मोलाची होती.

फळ्या छताखाली ठेवलेल्या असण्याला इतके महत्त्व का, हे येथे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण नागपूरच्या हवेत हाच मुद्दा कळीचा आहे. फायबर सिमेंट उष्णतेने फारसे हलत नाही; ते हलते ओलाव्याने. पाणी शोषले की ते किंचित लांबते आणि सुकले की आखडते. आपल्याकडे मे महिन्याच्या दुपारी हवा अगदी कोरडी ठणठणीत असते आणि ऑगस्टच्या झडीत तीच हवा दिवसेंदिवस ओली राहते, त्यामुळे वर्षभरात फळीला या दोन्ही टोकांपर्यंत जावे लागते. उघड्यावर भिजलेली फळी तशीच भिंतीवर चढवली, तर पुढच्या उन्हाळ्यात ती आखडून सांधे उघडतात आणि सांध्यातला सिलंट, म्हणजे फट भरणारा लवचीक लेप, फाटतो. उलटपक्षी भर उन्हाळ्यात, पूर्ण सुकलेल्या फळ्या एकमेकींना घट्ट भिडवल्या, तर पावसाळ्यात त्यांना लांबायला जागाच उरत नाही. आमच्या पुस्तिकेत टोकाला टोक मिळते तेथे ३ मिलिमीटरची फट सांगितलेली होती, आणि ती राखण्यासाठी कारागिरांनी त्याच जाडीचा पत्र्याचा तुकडा मध्ये धरून प्रत्येक सांधा बसवला. साधा उपाय, पण संपूर्ण भिंतीवर एकही सांधा फुगलेला नाही.

भिंतीची तयारी हा भाग कंटाळवाणा असला तरी टाळता येण्याजोगा नाही. नागपूरच्या अनेक लेआउटमध्ये खाली काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि पाया पुरेसा खोल नसेल तर खिडकीच्या कोपऱ्यांपासून तिरप्या भेगा निघतात. अशा भेगा साइडिंगखाली झाकून टाकणे धोक्याचे आहे, कारण त्या वाढत आहेत की थांबल्या आहेत हे नंतर दिसतच नाही. आधी अभियंत्याला दाखवावे. आमच्या भिंतीला भेगा नव्हत्या, पण ठिकठिकाणी प्लास्टर सुटलेले होते. हातोडीने ठोकून जेथे पोकळ आवाज आला तेथील प्लास्टर काढून पुन्हा भरून घेतले, तसेच गच्चीच्या पाण्याचा गळका पाइप बदलला. भिंतीत ओल उतरत असेल तर ती आधी बंद केली पाहिजे. साइडिंग बाहेरचा पाऊस अडवते, आतून झिरपणारे पाणी अडवत नाही.

आता पोकळीविषयी. भिंतीवर जीआयच्या, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाच्या, उभ्या पट्ट्या बसवून त्यांवर फळ्या लावल्या जातात, आणि भिंत व फळी यांच्यामध्ये किमान २० ते २५ मिलिमीटर मोकळी जागा राहते. ऊन फळीवर पडते, फळी तापते, तिच्या मागची हवा तापून वर सरकते आणि खालून नवी हवा आत येते. झाकलेल्या भिंतीपर्यंत थेट ऊन पोहोचतच नाही. पावसाच्या झडीत सांध्यांतून थोडे पाणी आत शिरले, तरी ते फळीच्या मागून ओघळून खाली निघून जाते आणि उरलेली ओल हवेने सुकते. ८ मिलिमीटरची फळी स्वतः उष्णता फारशी अडवू शकत नाही, त्यामुळे पोकळी न ठेवता थेट प्लास्टरवर ठोकलेल्या साइडिंगला मी केवळ सजावट समजतो. ही हवा खेळती राहायची असेल, तर खालची आणि वरची अशी दोन्ही तोंडे उघडी हवीत. आमच्याकडे काम करणाऱ्या कंत्राटदाराने वरचे तोंड ‘पाली शिरतात’ म्हणून सिमेंटने बंद करायला घेतले होते. पालींची काळजी खरी आहे, पण तिच्यावरचा उपाय बारीक छिद्रांची न गंजणारी जाळी हा आहे. बराच वाद झाल्यानंतर दोन्ही टोकांना जाळी लागली आणि वर पावसापासून संरक्षणासाठी पुढे आलेला पत्र्याचा काठ बसला.

बसवण्याच्या सेवेबद्दल माझे मत संमिश्र आहे. नागपुरात हे काम बहुधा फॉल्स सीलिंग करणाऱ्या टोळ्याच घेतात. त्यांचा हात सफाईदार असतो, पण सवयी घरातल्या कामाच्या असतात. आमच्या कारागिरांनी सुरुवातीला जिप्सम बोर्डाचे काळे स्क्रू आणले होते. खोलीच्या आत ते उत्तम चालतात. बाहेर मात्र पावसाने गंजतात आणि रंगावर तांबूस ओघळ उतरतात. ते परत पाठवून स्टेनलेस स्टीलचे स्क्रू मागवावे लागले. चौकटीच्या बाबतीतही तोच प्रकार झाला. पुस्तिकेत उभ्या पट्ट्यांमधील अंतर ४०० ते ६०० मिलिमीटर असताना, पट्ट्या वाचवण्यासाठी ते अडीच फुटांपर्यंत वाढवण्याचा आग्रह धरण्यात आला. मान्सूनपूर्व वादळात वारा भिंतीवर आदळतो तसाच कडेच्या फळ्या बाहेरही ओढतो, आणि वरच्या मजल्यावर हा ताण अधिक असतो. म्हणून आम्ही ४०० मिलिमीटरवर ठाम राहिलो. पट्ट्यांचे अँकर विटेत गेले पाहिजेत, नुसत्या प्लास्टरमध्ये अडकलेले चालत नाहीत, हेही परांचीवर चढून पाहण्यासारखे आहे. श्रेय द्यायचे तर ओळंब्याच्या कामाचे द्यावे लागेल : पहिली फळी पातळीत बसवण्यासाठी त्यांनी भरपूर वेळ घेतला, आणि त्यामुळेच वरपर्यंतच्या सगळ्या रेषा खिडकीच्या चौकटीला अचूक समांतर आल्या.

फळी कापण्याबाबत मात्र माझी स्पष्ट तक्रार आहे. पहिल्या दिवशी कारागीर ग्राइंडरने, तोंडाला काहीही न बांधता, फळ्या कोरड्याच कापू लागले, आणि अंगणात पांढऱ्या धुळीचा ढग उठला. त्या धुळीत स्फटिकमय सिलिका असते. ती फुप्फुसांत खोल जाऊन साठली की सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. अमेरिकेत तर कामाच्या जागी आठ तासांच्या सरासरीत घनमीटर हवेत ५० मायक्रोग्रॅम इतकीच सिलिका चालते, अशी मर्यादा २०१६ च्या नियमाने घातलेली आहे. काम थांबवून आम्ही एन ९५ मास्क आणून दिले, आणि शक्य तेथे फळीवर धारदार हत्याराने खोल चर पाडून ती मोडण्याची पद्धत वापरायला लावली. जेथे यंत्राशिवाय इलाज नव्हता तेथे धूळ ओढून घेणारे उपकरण जोडलेली करवत भाड्याने आणली. जे तरुण आपल्या घरासाठी राबतात त्यांच्या श्वासाची जबाबदारी घरमालकानेही घेतली पाहिजे, आणि हा खर्च कोटेशनमध्ये आरंभीच धरायला हवा.

कापलेल्या कडेकडे जवळून पाहिले की हाटशेकची पद्धत डोळ्यांसमोर उभी राहते. फळीच्या दर्शनी पृष्ठभागावर पाण्याचा थेंब टाकला तर तो काही काळ तसाच राहतो. ताज्या कापलेल्या कडेवर, जेथे वह्यांच्या पानांसारखे पातळ थर उघडे पडलेले असतात, तेथे तोच थेंब बघता बघता आत जिरतो आणि कडेला गडद पट्टा उमटतो. पाणी याच वाटेने आत शिरते आणि काही वर्षांनी थर सुटू लागतात. त्यामुळे प्रत्येक कापलेली कड, फळी चढवण्यापूर्वी, प्रायमरने बंद करणे आवश्यक आहे. आमच्या कारागिरांना हे एकदा दाखवल्यावर त्यांनी प्रायमरचा छोटा डबा आणि ब्रश परांचीवरच ठेवला. टोकाजवळ स्क्रू मारताना आधी भोक पाडून घ्यावे आणि कडेपासून पुस्तिकेत दिलेले अंतर राखावे, अन्यथा कोपरा निखळतो. खाली, साइडिंग जेथे संपते तेथून जमिनीपर्यंत किमान १५० मिलिमीटर अंतर हवे. आमच्याकडे ती वरच्या मजल्यावरच असल्याने हा प्रश्न आला नाही. तळमजल्यावर गाड्या लागतात तेथे ही फळी लावूच नये, असेही मी म्हणेन, कारण हँडलचा एक धक्का तिचा टवका काढायला पुरेसा आहे.

नागपूरच्या घरासाठी आणखी एक बाब, जी उत्पादकांच्या पुस्तिकांत सहसा नसते, ती म्हणजे खिडकीतला कूलर. त्याचे पाण्याने भरलेले वजन फळीवर कधीही टाकू नये. लोखंडी स्टँडचे बोल्ट पोकळी ओलांडून विटेत जावेत आणि मध्ये पोकळीच्या जाडीइतके नळीचे तुकडे घालावेत, म्हणजे बोल्ट आवळताना फळी दाबली जाऊन फुटणार नाही. कूलरमधून ठिबकणाऱ्या जड पाण्याचे पांढरे डाग खालच्या फळ्यांवर पडतात. ते अद्याप पूर्णपणे निघालेले नाहीत. आम्ही नंतर खिडकीखाली पत्र्याची छोटी पन्हळ लावून घेतली आणि तो त्रास थांबला. एसीचे बाहेरचे युनिट, डिश आणि वायरींच्या क्लिपा यांनाही हाच नियम लागू आहे, त्यामुळे काय कुठे टांगायचे हे काम सुरू होण्यापूर्वीच ठरवून भिंतीवर खडूने आखून ठेवावे.

रंगासाठी आम्ही क्षाररोधक प्रायमर आणि त्यावर बाहेरचा ॲक्रिलिक रंग, फिकट बदामी छटेत, निवडला. गडद सागवानी रंग फोटोत मोहक दिसतो, परंतु पश्चिमेच्या उन्हात गडद फळी खूप अधिक तापते आणि रंगही लवकर विटतो. लाकडाच्या रेघांचा ठसा दुरून छान दिसतो. जवळून पाहणाऱ्याला तोच ठसा ठरावीक अंतराने पुन्हा आलेला जाणवेल, आणि ज्यांना खऱ्या सागाची सवय आहे त्यांना तो खटकेल. माझ्या मते गुळगुळीत फळी अधिक प्रामाणिक दिसते.

परिणामाविषयी अतिशयोक्ती करणार नाही. एसी आणि कूलर आजही लागतात, आणि नवतप्यातली खोली थंड झाली असे कोणी म्हणणार नाही. मात्र रात्री त्या भिंतीला आतून हात लावला तर पूर्वी जो चटका बसत असे तो आता बसत नाही, पलंग पुन्हा भिंतीलगत आला आहे, आणि झडीच्या दिवसांत दरवर्षी तेथे धरणारी ओल व निघणारे पोपडे या पावसाळ्यात दिसले नाहीत. खर्च मात्र कमी नाही : आमच्या बिलात फळ्यांची किंमत निम्म्याहून कमी होती, चौकट, स्क्रू, सिलंट, परांची आणि मजुरी यांनीच मोठा वाटा घेतला. त्यामुळे दोन कोटेशनची तुलना फक्त चौरस फुटाच्या दरावर करू नये. पट्ट्यांमधील अंतर, स्क्रूचा प्रकार, जाळी, कडांचे प्रायमर आणि धूळ ओढणारे उपकरण हे पाचही मुद्दे कोटेशनमध्ये लिहून आलेले नसतील तर स्वस्त वाटणारा दर पुढे महाग पडतो. हमीपत्रही नीट वाचावे. आम्हाला मिळालेली हमी बोर्डापुरती आहे आणि ती पुस्तिकेप्रमाणे बसवल्यासच लागू होते. बसवणाऱ्याची हमी त्याच्या लेटरहेडवर वेगळी मागून घ्यावी लागली.

देखभाल म्हणून दर वर्षी मृगापूर्वी सांध्यांचा सिलंट आणि जाळ्या तपासाव्यात, धूळ साध्या पाण्याने हलक्या हाताने धुवावी; जोरदार दाबाचे पाणी सांध्यांवर मारू नये. काम संपल्यावर उरलेल्या चांगल्या फळ्यांपैकी काही, तसेच त्याच छटेच्या रंगाचा क्रमांक, जपून ठेवावा. आमच्याकडे माकडांच्या उड्यांनी एक फळी तडकली तेव्हा ती त्याच साठ्यातून बदलता आली, आणि नव्या फळीचा रंग जुन्याशी जुळला.